धन्याचा आवाज

माझ्या आजोळीं माजघरालगतच्या खोलींत एक चावीचा ग्रामोफोन होता. मीं तो प्रथम पाहिला तेव्हां, म्हणजे १९७५ च्या सुमारास, त्याचें वाजणें जवळजवळ थांबलेंच होतें. सुया मिळत नव्हत्या आणि आंतली कमानहि निकामी झाली होती. तरी दसऱ्याच्या दिवशीं शस्त्रें पूजेस काढावींत त्याप्रमाणें आजोबा तबकड्यांची पेटी बाहेर काढीत, एकेक तबकडी मऊ फडक्यानें पुसून पुन्हां तिच्या कागदी पाकिटांत ठेवीत, आणि आम्हां मुलांना तिला हात लावूं देत नसत. तबकडीच्या मधोमध तांबड्या वर्तुळांत एक कुत्रा कर्ण्याच्या तोंडाशीं मान कलती करून बसलेला दिसे. 'आजोबा, हा कुत्रा काय ऐकतो?' असें मीं एकदां विचारलें. 'आपल्या धन्याचा आवाज,' तेथील इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवून ते म्हणाले. 'पण धनी कोण?' या माझ्या दुसऱ्या प्रश्नावर ते हांसले आणि म्हणाले, 'तें त्या कंपनीलाच ठाऊक.'

पुढें इतिहासाचें अध्यापन हाच व्यवसाय झाल्यावर माझ्या ध्यानांत आलें कीं, आजोबांचें तें उत्तर वाटलें तितकें थट्टेचें नव्हतें. 'हिज मास्टर्स व्हॉइस' या छापानें आपल्या देशांत शंभर वर्षें जो व्यवहार केला, त्याचा इतिहास म्हणजे आवाजाचा धनी कोण, या एका प्रश्नाचा इतिहास होय. गाणारा धनी, कीं गाणें मुद्रित करणारा, कीं पैसे मोजून तें घरीं नेणारा? वेळोवेळीं या प्रश्नाचीं निरनिराळीं उत्तरें मिळत गेलीं. तीं कशीं मिळालीं आणि त्यांत आपल्या संगीताचें काय राहिलें व काय गेलें, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम त्या चित्राचीच हकीकत पाहूं. इंग्लंडांत ब्रिस्टल येथें १८८४ सालीं जन्मलेला निपर नांवाचा एक कुत्रा मार्क बॅरॉड या गृहस्थाजवळ होता. १८८७ सालीं मार्क वारला आणि कुत्रा त्याचा भाऊ फ्रान्सिस याच्याकडे आला. फ्रान्सिस हा चित्रकार. त्याच्याजवळ एक फोनोग्राफ होता आणि त्यांतून आवाज निघूं लागला कीं निपर कर्ण्यापाशीं जाऊन बुचकळ्यांत पडल्यासारखा ऐकत बसे. १८९५ मध्यें निपरहि मेला. त्यानंतर तीन वर्षांनीं फ्रान्सिसनें आठवणीवरून तें दृश्य रंगविलें. फोनोग्राफ विकणाऱ्या मंडळींनीं तें चित्र घेतलें नाहीं. मग चित्रांतील काळ्या कर्ण्याऐवजीं पितळी कर्णा काढावा म्हणजे तें अधिक उठून दिसेल, या विचारानें १८९९ सालीं तो लंडनच्या ग्रामोफोन कंपनींत एक कर्णा उसना मागावयास गेला. कंपनीचा व्यवस्थापक विल्यम बॅरी ओवेन यानें चित्र पाहिलें व सांगितलें कीं, यांतील फोनोग्राफ पुसून त्या जागीं आमचें यंत्र काढाल तर चित्रच विकत घेतों. चित्राचे ५० पौंड आणि त्यावरील हक्काचे ५० पौंड असा सौदा ठरला. मूळ चित्रावर विशिष्ट कोनांतून प्रकाश पडला तर वरच्या रंगाखालीं जुन्या फोनोग्राफची आकृति अद्यापि दिसते, असें सांगतात.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणीं गमतीची म्हणून सांगितली जाते. परंतु पुसलेल्या यंत्रांत आणि वर रंगविलेल्या यंत्रांत केवढा भेद होता, इकडे फारसें कोणाचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. एडिसननें १८७७ सालीं शोधून काढलेला फोनोग्राफ नळकांड्यावर आवाज कोरीत असे, आणि ज्या यंत्रानें आवाज कोरावयाचा त्याच यंत्रानें तो ऐकावयाचा. म्हणजे घरचा कोणीहि मनुष्य कर्ण्यापुढें बसून चार शब्द बोलूं शके आणि मागाहून ते ऐकूं शके. निपरच्या धन्यानें आपला आवाज त्यांत ठेवला असेल, ही कल्पना अशा यंत्राच्या बाबतींतच संभवते. एमिल बर्लिनर यानें १८८७ सालीं काढलेला ग्रामोफोन निराळा. त्याची तबकडी सपाट. एका सांच्यावरून तिच्या हजारों प्रती छापतां येत. पण घरांतलें यंत्र केवळ ऐकविणारें. आवाज मुद्रित करण्याची विद्या, साधनें आणि सांचे हीं सर्व कंपनीच्या हातीं. चित्रकारानें फोनोग्राफवर ग्रामोफोन रंगविला त्याच क्षणीं चित्रांतला धनी बदलला. घरचा धनी जाऊन कारखानदार त्या जागीं आला आणि आपण सारे श्रोते झालों.

ही ग्रामोफोन कंपनी १८९८ सालीं लंडनमध्यें स्थापन झाली. तबकड्या छापण्याचें काम जर्मनींत हॅनोव्हर येथें, बर्लिनरच्या जन्मगांवीं, चाले. ध्वनिलेखनासाठीं बर्लिनरचा तरुण साहाय्यक फ्रेड गाइसबर्ग अमेरिकेहून लंडनला आला. यूरोपांतील मोठमोठ्या गायकांचे आवाज मिळविल्यावर कंपनीची दृष्टि पूर्वेकडे वळली. यंत्रें खपवावयाचीं तर त्या त्या देशाचें गाणें तबकडीवर असलें पाहिजे, हा तिचा साधा हिशेब होता. १९०१ सालीं तिचा प्रतिनिधि कलकत्त्यास आला आणि १९०२ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस स्वतः गाइसबर्ग आपलें साहित्य घेऊन तेथें उतरला.

कोणाला गावयास बोलवावें हाच प्रथम पेंच पडला. कलकत्त्याच्या इंग्रज रहिवाशांना त्याच शहरांतील संगीताची कांहींच वार्ता नव्हती, असें गाइसबर्गनें पुढें आपल्या आठवणींत लिहिलें आहे. अखेर पोलीस खात्याचा एक अधिकारी बरोबर घेऊन तो नाटकगृहें आणि श्रीमंतांच्या घरचे जलसे पाहत हिंडला. १९०२ च्या नोव्हेंबरांत एका हॉटेलांतील खोलींत काम सुरू झालें. पहिले आवाज क्लासिक थिएटरमधील शशिमुखी व फणिबाला या दोन अल्पवयी नटींचे. त्यानंतर आली गौहरजान. कांहीं आठवड्यांच्या त्या मुक्कामांत पांचशेंहून अधिक गाणीं मेणाच्या ठशांत बंद झालीं व हॅनोव्हरला रवाना झालीं.

त्या काळचें ध्वनिलेखन म्हणजे शरीरकष्टाचेंच काम होतें. विजेचें साहाय्य नव्हतें. भिंतींतून बाहेर आलेल्या मोठ्या कर्ण्यांत जवळजवळ डोकें खुपसून गावयाचें, तान घेतांना मान हलवावयाची नाहीं, आवाज उंचावला तर किंचित् मागें सरावयाचें आणि दोनतीन मिनिटांच्या आंत अस्ताईपासून समेपर्यंत सर्व आटोपावयाचें. गाणें संपतांच गायिकेनें मोठ्यानें आपलें नांव सांगावयाचें. हजारों मैलांवरील जर्मन कारागिराला हें गाणें कोणाचें हें कळावें, एवढाच त्यांतील उद्देश. 'माय नेम इज गौहरजान' हे शब्द त्या तबकड्यांच्या शेवटीं आजहि ऐकूं येतात. ती केवळ कारखान्याची सोय होती हें खरें. पण तीमुळें एक अपूर्व गोष्ट घडली. जिचें नांव सभ्य समाजांत उघडपणें घेण्यास लोक कचरत, त्या वर्गांतील स्त्रीनें स्वतःच्या मुखानें आपलें नांव सांगितलें आणि तें हजारों घरांच्या दिवाणखान्यांत उमटलें.

तबकडीच्या घडणींतहि एक विलक्षण योग होता. दगडाची भुकटी, काजळी इत्यादि पदार्थ एकत्र बांधून धरणारें मुख्य द्रव्य म्हणजे लाख. ती मुख्यतः छोटा नागपूर व आसपासच्या जंगलांत पळस, कुसुंब व बोर या झाडांवर एका किड्यापासून निपजते. आदिवासींनीं गोळा केलेली ही लाख जहाजांत भरून यूरोपांत जाई. कलकत्त्यांत कोरलेले मेणाचे ठसेहि तिकडेच जात. आणि दोहोंच्या संयोगानें बनलेली तबकडी पुन्हां कलकत्ता-मुंबईच्या बाजारांत विक्रीस येई. लाख आपली, गळा आपला, कान आपले आणि नफा मात्र परक्याचा! कापसाची आणि मँचेस्टरच्या कापडाची कथा जाणणाऱ्याला या वर्तुळाचा अर्थ वेगळा सांगावयास नको. १९०८ सालीं कलकत्त्यास सियालदा येथें कंपनीचा स्वतःचा कारखाना निघाला व हॅनोव्हरचा फेरा चुकला. पुढें १९२८ च्या सुमारास डमडम येथें त्याहून मोठा कारखाना उभा राहिला. त्या उपनगराचें नांव पुढें कित्येक दशकें देशभरच्या तबकड्यांवर वाचावयास मिळे.

महाराष्ट्राचा या व्यवहाराशीं संबंध लवकरच आला. गाइसबर्गनंतर आलेल्या ध्वनिलेखकांनीं १९०४-०५ पासून इतर प्रांतांतील गवई व नट यांकडे मोर्चा वळविला. त्या आरंभींच्या तबकड्यांत तरुण अब्दुल करीमखांचा आवाज आहे. परंतु ज्यांचे आवाज सांपडले त्यांच्या यादीइतकीच ज्यांचे सांपडले नाहींत त्यांची यादी इतिहासाच्या दृष्टीनें महत्त्वाची आहे. किर्लोस्कर मंडळींतील भाऊराव कोल्हटकर १९०१ च्या फेब्रुवारींत वारले. यंत्र या देशांत येण्यास आणखी वीसएक महिने होते. ज्या आवाजानें एक अखंड पिढी वेडी करून सोडली, त्याविषयीं आपल्याजवळ आज वर्णनापलीकडे कांहीं नाहीं. भाऊरावांच्या बाबतींत कालाचा दोष म्हणतां येईल. पण 'स्वयंवरा'च्या पदांना चाली देणारे भास्करबुवा बखले १९२२ पर्यंत हयात होते आणि महाराष्ट्रांत ख्यालगायकी रुजविणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर १९२६ पर्यंत. दोघांचाहि आवाज आज ऐकावयास मिळत नाहीं. उस्ताद अल्लादियाखां तर १९४६ पर्यंत होते. विजेच्या ध्वनिलेखनाचा सारा बहर त्यांच्या डोळ्यांदेखत झाला. तरी त्यांची एकहि तबकडी निघाली नाहीं.

याचें कारण काय? जुन्या गवयांना आपली विद्या तबकडीवरून चोरली जाईल अशी भीति वाटे, असें सांगण्याचा प्रघात आहे, आणि त्यांत तथ्यहि असेल. पण त्यांच्या बाजूनें विचार केला तर ही भीति अडाणीपणाची म्हणतां येणार नाहीं. ज्या घराण्यांत एक अनवट राग मिळविण्यासाठीं वर्षानुवर्षें गुरूच्या घरीं पाणी भरावें लागे, तेथें विद्येवरील धनीपण हें गुरूचें होतें. ती कोणाला द्यावयाची आणि केव्हां, हें तो ठरवी. तबकडीनें तें धनीपण एका सहीनिशीं कंपनीकडे जात होतें. नकार देणाऱ्यांनीं काय राखलें आणि आपण काय गमावलें, हीं दोन्हीं मापें सारखींच जड आहेत. आणि त्यांतील एकच उचलून दाखविणें अन्यायाचें होईल.

ज्यांनीं होकार दिला त्यांना कंपनीची एक अट पाळावी लागली व ती म्हणजे वेळेची. दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारें तीन मिनिटांची आणि बारा इंचीची चारसाडेचार. नाट्यगृहांत वन्समोअर घेत घेत एकेक पद लांबविणाऱ्या बालगंधर्वांनीं तेंच पद तीन मिनिटांत आणून बसविलें. केवढा हा संकोच! पण नारायणरावांचा ऐन उमेदींतला रंग ज्यांनीं पाहिला नाहीं त्या सर्व पिढ्यांना बालगंधर्व माहीत आहेत ते या तीन मिनिटांच्या आधारानेंच. माझ्या आजोबांनीं त्यांना रंगभूमीवर पाहिलें होतें. तबकडी ऐकतांना ते मधूनच डोळे मिटून घेत आणि तेथें नसलेल्या जागा मनांत भरून काढीत असावेत. मला मात्र तेथें आहे तेवढेंच ऐकूं येई. एकच तबकडी ऐकणारे आम्ही दोघे, पण दोन वेगळीं गाणीं ऐकत होतों.

हीच अट एका नव्या प्रकाराला मात्र मानवली. १९३० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत जी. एन. जोशी या तरुण पदवीधरानें ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता चाल लावून तबकडीवर गायिली आणि ती घरोघर गेली. ज्याला आपण भावगीत म्हणतों त्याच्या जन्माची नोंद तेथून करण्याचा रिवाज आहे. कविता लहान, चाल सोपी, भाव एकच. तीन मिनिटें तिला अपुरीं नव्हतीं, बेताचींच होतीं. हे जोशी वकिलीचें शिक्षण घेतलेले असूनहि १९३८ सालीं त्याच कंपनीच्या मुंबई शाखेंत ध्वनिलेखनाचे अधिकारी झाले आणि मोठमोठ्या गवयांना माइकपुढें आणण्याचें नाजूक काम त्यांनीं अनेक वर्षें केलें. गाइसबर्गला पोलिसाचा हात धरून हिंडावें लागलें होतें. आतां गाणें समजणारा आणि स्वतः गाणारा मनुष्य निवडीच्या जागीं बसला होता, हा फरक लहान नव्हे.

आणखी एक फरक आमच्या मध्यमवर्गीय घरांत पडला, आणि त्याविषयीं आपण पुरेसें प्रांजळपणें बोलत नाहीं. बैठकीच्या गायिकेचें गाणें ऐकावयास जाणें हें घरंदाज पुरुषासहि चोरून करावें लागे. घरांतल्या बायकांना तर तें कधींच कानीं पडावयाचें नाहीं. तबकडीला मात्र सोंवळें-ओंवळें नव्हतें. गौहरजान आणि आग्र्याची जोहराबाई यांचे आवाज ग्रामोफोनच्या पेटींतून माजघरापर्यंत पोंचले, आणि ज्या स्त्रीला घरांत पाऊल ठेवूं दिलें नसतें तिची ठुमरी ऐकत घरच्या सुनेनें भाजी निवडली. पुढें हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिकेला प्रतिष्ठित समाजानें मान दिला, त्याला त्यांची स्वतःची शालीनता व धैर्य हीं मुख्य कारणें होतच. पण श्रोत्यांचे कान त्यापूर्वींच तबकडीनें तयार करून ठेवले होते. कंपनीला समाजसुधारणा करावयाची नव्हती, खप वाढवावयाचा होता. इतिहासांत पुष्कळदां चांगलीं कामें अशा आडवाटेनें होतात.

१९२५ सालीं पाश्चात्त्य देशांत विजेच्या साहाय्यानें ध्वनिलेखन सुरू झालें आणि थोड्याच वर्षांत तें इकडेहि आलें. कर्ण्यांत ओरडण्याचें कारण उरलें नाहीं. मृदु आवाज, तंबोऱ्याची आंस, श्वासाची चाहूल हींहि टिपलीं जाऊं लागलीं. १९३१ मध्यें ग्रामोफोन कंपनी व तिची प्रतिस्पर्धी कोलंबिया एकत्र होऊन ई. एम. आय. हा बलाढ्य संघ बनला, तेव्हां तिच्यापुढें टिकाव धरणें लहान कंपन्यांना अवघड झालें. मुंबईस १९३५ च्या सुमारास निघालेल्या 'यंग इंडिया' छापानें स्वदेशीच्या भावनेवर सुमारें वीस वर्षें काढलीं, ही गोष्ट अभिमानाची आहे. पण कुत्र्याच्या छापाची पकड त्यामुळें ढिली झाली नाहीं. १९४६ सालीं कंपनीची हिंदी शाखा स्वतंत्र मर्यादित कंपनी म्हणून नोंदली गेली. नांवांत 'इंडिया' आला, तरी मालकी विलायतेचीच राहिली.

दरम्यान बोलपटांचें युग आलें आणि कंपनीच्या व्यापाराचा मोठा भाग सिनेमाच्या गाण्यांनीं व्यापला. येथें नांवाच्या प्रश्नाला एक विचित्र कलाटणी मिळाली. १९४९ सालच्या 'महल' चित्रपटांतील अत्यंत गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून नांव छापलें होतें 'कामिनी', म्हणजे चित्रपटांतील पात्राचें! हें गाणें कोणाचें, अशी रेडिओकडे श्रोत्यांची एकसारखी विचारणा होऊं लागली, तेव्हां लता मंगेशकर हें नांव लोकांना कळलें. १९०२ मध्यें गायिकेनें आपलें नांव स्वतः ओरडून सांगावें अशी कारखान्याची गरज होती; १९४९ मध्यें तिचें नांव सांगण्याची कोणालाच गरज वाटली नाहीं. त्याच लताबाईंनीं पुढें गायकांना विक्रीच्या उत्पन्नांत हिस्सा मिळाला पाहिजे हा आग्रह चित्रपटसृष्टींत धरला व त्यासाठीं सहकाऱ्यांचा रोषहि पत्करला. त्या आग्रहाचें मूळ शोधूं गेल्यास या पुसलेल्या नांवापर्यंत जावें लागेल, असें मला वाटतें.

लाखेच्या तबकडीचे दिवस पुढें भरत आले. दीर्घकाल वाजणारी, न फुटणारी तबकडी आली आणि तीन मिनिटांची अट सुटली. ख्यालाला एकेका बाजूस वीस-बावीस मिनिटें मिळूं लागलीं. पुणें आकाशवाणीवर १९५५-५६ मध्यें वर्षभर चाललेलें 'गीतरामायण' या छापावर संचरूपानें निघालें, तें महाराष्ट्रांत पोथीसारखें जपलें गेलें. तरी हिंदुस्थानांतील जुनी मिनिटास ७८ फेऱ्यांची तबकडी इतरांपेक्षां अधिक काळ तगली. बीटल्स या विलायती मंडळींचीं गाणींसुद्धां १९६३ नंतर येथें त्या जुन्या प्रकारांत छापलीं गेलीं, कारण खेड्यापाड्यांतून चावीचे ग्रामोफोन अजून फिरत होते.

कंपनीच्या साम्राज्याला खरा धक्का दिला तो मोठ्या भांडवलवाल्यानें नव्हे, तर कॅसेटच्या फितीनें. १९८० नंतरच्या दशकांत तळहाताएवढें यंत्र स्वस्तांत मिळूं लागलें, आणि त्याला ऐकवितां येई तसेंच टिपतांहि येई. म्हणजे बॅरॉडच्या चित्रांत पुसून टाकलेला फोनोग्राफ ऐंशींवर वर्षांनीं पुन्हां रंगाखालून वर आला! ज्याला वाटेल तो गाणें उतरवूं लागला. कोणी कीर्तनें उतरविलीं, कोणी तमाशांतल्या लावण्या, कोणी दुसऱ्याच्या गाण्यांच्या उघड नकला. स्वस्त कॅसेट काढणाऱ्या नव्या कंपन्यांनीं बाजार काबीज केला. १९८५ च्या सुमारास ई. एम. आय.नें येथील मालकी सोडण्यास आरंभ केला व ती कलकत्त्याच्या गोएंका उद्योगसमूहाकडे आली. २००० सालीं कंपनीचें नांवहि बदलून 'सारेगामा इंडिया' असें झालें. कुत्रा आणि कर्णा क्रमाक्रमानें निघून गेले. २०१७ मध्यें याच कंपनीनें पांच हजार जुनीं गाणीं भरलेली 'कारवां' ही पेटी विक्रीस काढली, आणि ज्या घरांतून ग्रामोफोनची पेटी अडगळींत गेली होती त्याच घरांत ती वडिलांच्या उशाशीं येऊन बसली. सव्वाशें वर्षांच्या या संस्थेचें भांडवल कारखाना किंवा यंत्रें हें नसून मृतांचे आवाज हें आहे, हें यावरून उघड होईल.

मग या सर्व व्यवहाराचा निवाडा काय करावा? कंपनी नफ्यासाठीं आली, नफा होईल तें तिनें टिपलें, न होईल तें सोडलें. हें म्हणणें खरें असलें तरी अर्धेंच खरें आहे. व्हिएन्ना शहरांत विद्वानांनीं १८९९ सालीं ध्वनींचा संग्रह स्थापन केला. आपल्याकडे संगीत नाटक अकादमी निघाली १९५३ मध्यें, आणि लोकसंगीत व रागसंगीत यांच्या संशोधनासाठीं स्वतंत्र ध्वनिसंग्रह स्थापन झाला १९८२ मध्यें. मधल्या पन्नास वर्षांत विद्यापीठें होतीं, संस्थानें होतीं, दरबारी गवई पोसणारे राजे होते. भास्करबुवांना कर्ण्यापुढें बसवावें असें यांपैकीं कोणाच्या मनांत आलें असतें, तर खर्च कांहीं मोठा नव्हता. ज्यांना आवाज जतन करावयाचे होते त्यांनीं ते केले नाहींत. ज्यांना केवळ विकावयाचे होते त्यांच्याकडून ते जतन झाले. दुकानदाराला दोष देतांना ही गोष्ट आपण विसरूं नये.

कायद्यानें दरम्यान या प्रश्नाचें उत्तर पुष्कळ बदललें आहे. १९९४ च्या दुरुस्तीनें गाणाऱ्या-वाजविणाऱ्याच्या हक्काला प्रथम मान्यता मिळाली. २०१२ च्या दुरुस्तीनें आपल्या कलाकृतीबरोबर आपलें नांव सांगितलें जावें, हा त्याचा हक्क ठरला. गौहरजानला जें ओरडून सांगावें लागलें व लताबाईंच्या बाबतींत जें झांकलें गेलें, तें आतां कलावंताला मागून घेतां येतें. आणि याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, आपल्या कायद्याप्रमाणें ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनीं संपतो. शब्द आणि चाल यांवरचे हक्क निराळे व कांहीं बाबतींत अजून चालू असतील; पण माझ्या आजोबांच्या पेटींतील एकाहि तबकडीच्या ध्वनीवर आज कोणत्याहि कंपनीचा हक्क उरलेला नाहीं.

केसरबाई केरकर या अल्लादियाखांच्या पट्टशिष्या, गोव्यांतील केरी गांवच्या. गुरूंप्रमाणेंच त्याहि ध्वनिमुद्रणाविषयीं फारशा खूष नसत. तरी थोड्या तबकड्या त्यांनीं दिल्या. त्यांतील साडेतीन मिनिटांची एक भैरवी १९७७ सालीं अमेरिकेनें सोडलेल्या दोन व्हॉयेजर यानांबरोबर पाठविलेल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर घेतली गेली. दुसरें यान सुटल्यावर थोड्याच दिवसांत, त्याच सप्टेंबरांत, केसरबाई वारल्या. त्यांतलें एक यान २०१२ मध्यें सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलें. अल्लादियाखांनीं जी विद्या कर्ण्यापासून जपली, तिचा एक अंश शिष्येच्या गळ्यांतून इतक्या दूर गेला आहे. तेथें ती ऐकणारा कोणी असेल कीं नाहीं, हें सांगतां येत नाहीं.

येथें मात्र ऐकणारे आहेत. आजोळचें तें घर विकलें गेलें तेव्हां तबकड्यांची पेटी माझ्याकडे आली. त्यांतल्या दोन तडकल्या आहेत, एकीवरील कागद वाळवीनें खाल्ला आहे, त्यामुळें ती कोणाची हें वाजविल्याखेरीज कळत नाहीं. अशा पेट्या महाराष्ट्रांत अजून पुष्कळ घरांच्या माळ्यांवर असतील. 'धनी कोण?' या माझ्या लहानपणच्या प्रश्नाला कंपनीकडे बोट दाखवून उत्तर देण्याची सोय आतां राहिली नाहीं. ज्याच्या माळ्यावर ती पेटी आहे त्यानें ती उतरवावी, पुसावी, जाणत्याच्या हातून तीतील आवाज उतरवून घ्यावा आणि नांव, साल, क्रमांक लिहून एखाद्या ग्रंथालयाच्या किंवा संग्रहाच्या स्वाधीन करावा. माझ्या पेटीचें काम मीं या सुट्टींत हातीं घेतलें आहे. ज्या तबकडीचा कागद वाळवीनें खाल्ला होता, ती वाजविल्यावर शेवटीं एका स्त्रीनें आपलें नांव सांगितलें. खरखरींत तें मला अजून नीट लागलेलें नाहीं. पुन्हां ऐकत आहें.